ट्रायथलॉनच्या सायकलला चाकं कोणती घ्यावी? सरावाचं गणित वेगळं, शर्यतीचं वेगळं

राजूर (ता. वणी) : पोहणं, सायकल आणि धावणं हे तिन्ही न थांबता एकामागे एक करायचा खेळ म्हणजे ट्रायथलॉन. पोलीस भरती, सैन्य भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आपल्या वणी, मारेगाव, झरी तालुक्यात काही कमी नाहीत. धावायचा दम असतो, पोहणं शिकता येतं. गाडी अडते ती सायकलपाशी, कारण तिथे पैसा लागतो. सायकल कशीबशी घेतली की मोबाईलवर कार्बनच्या खोल रिमचे व्हिडिओ दिसू लागतात आणि 'भारी चाकं टाकल्याशिवाय काही होत नाही' असं वाटू लागतं. त्या चाकांच्या किमतीत एक चांगली सायकल येते. म्हणून पैसे काढण्याआधी ही माहिती पूर्ण वाचा.

थोडक्यात सांगायचं तर

- सरावासाठी : मजबूत ॲल्युमिनियम रिम, भरपूर तारा, २८ ते ३२ मिमी रुंदीचे टायर.
- शर्यतीसाठी : तीच चाकं, फक्त टायर हलके आणि वेगवान. खोल रिम शेवटी.
- पैसे खर्च करायचा क्रम : टायर-ट्यूब, मग चाकांची दुरुस्ती, मग बसायची पद्धत, आणि सगळ्यात शेवटी कार्बन.

शर्यतीत सायकल किती चालवावी लागते?

- स्प्रिंट : ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं
- ऑलिम्पिक अंतर : १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं
- हाफ (७०.३) : १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं
- फुल आयर्नमॅन : ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं

७०.३ हा आकडा मैलांतला आहे, तिन्ही अंतरं मिळून. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली, मग कोरोनाच्या खंडानंतर २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. कोल्हापुरात राजाराम तलावावर बर्गमन ट्रायथलॉन होते. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला फुल आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हा या खेळाचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये विदर्भही मागे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेची आरपार 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. ती शर्यत सुमारे ४,८०० किमीची आहे.

अंतरं नीट बघा. प्रत्येक प्रकारात सगळ्यात जास्त वेळ सायकलवर जातो. ताशी २५ किमीने चालवलं तर ९० किमीला ३ तास ३६ मिनिटं लागतात. म्हणून चाकांचा विचार करायलाच पाहिजे, पण डोकं ठेवून.

आधी बघा : तुमच्या सायकलला कोणतं चाक बसतं?

ऑनलाइन चाक मागवलं आणि बसलंच नाही, असं होऊ नये म्हणून चार गोष्टी तपासा.

१) साइज. टायरच्या कडेला बारीक अक्षरात '२८-६२२' असा आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमच्या ज्या व्यासावर टायर बसतो तो, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रोड सायकलचं ७००सी चाक म्हणजे ६२२. गावातली जुनी काळी दांड्याची सायकल असते तिचं २८ × १½ चाक म्हणजे ६३५. दिसायला सारखंच वाटतं, पण १३ मिमीचा फरक आहे. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २६ इंची एमटीबीचं ५५९, २७.५ चं ५८४. आणि २९ इंची एमटीबीचं पुन्हा ६२२ च! म्हणजे तुमच्याकडे २९ ची सायकल असेल तर जाड गोट्यांचा टायर काढून रुंद, गुळगुळीत रोड टायर त्याच रिमवर बसू शकतो. किती बारीक टायर चालेल ते रिमच्या रुंदीवर ठरतं, दुकानदाराला विचारून घ्या. सुरुवातीच्या स्प्रिंट शर्यतीला तेवढ्यात काम भागतं.

२) ब्रेक. रिमला रबर लागतं की मधल्या चकतीला? रिम ब्रेकची चाकं आणि डिस्क ब्रेकची चाकं अदलाबदल होत नाहीत.

३) ॲक्सल. क्विक रिलीज (दांडी फिरवून उघडणारं) की थ्रू ॲक्सल (आरपार जाड रॉड)? रिम ब्रेकच्या रोड सायकलला मागे १३० मिमी जागा असते, क्विक रिलीजच्या डिस्क सायकलला बहुधा १३५, थ्रू ॲक्सलवाल्या रोड सायकलला बहुधा १४२. साधी पट्टी घेऊन मागच्या फोर्कच्या आतली जागा मोजा.

४) फ्रीव्हील की कॅसेट? स्वस्त ७ गिअरच्या सायकलींना मागे आट्यावर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. नवीन चांगल्या चाकाला बहुतेक वेळा कॅसेट लागते. चाक घेतलं की मागचे गिअरही नवीन घ्यावे लागतील, तो खर्च आधीच धरा. ८ किंवा ९ गिअरची शिमानो कॅसेट ११ गिअरच्या रोड हबवर बसते, फक्त मागे १.८५ मिमीची एक चकती (स्पेसर) टाकावी लागते.

सरावाचं चाक : आपला रस्ता बघून घ्या

राजूर म्हटलं की चुनाभट्ट्या आणि कोळसा खाणी. वेकोलिच्या खाणींतून निघणारे टिप्पर रात्रंदिवस चालतात. वणी-घुग्घुस असो की वणी-मारेगाव, रस्त्याच्या कडेला बारीक गिट्टी, सांडलेला कोळसा, खड्डे आणि डांबराची तुटलेली धार हे ठरलेलंच. शिवारातून जाल तर बाभळीचे काटे आणि सराटे. सरावाचं चाक या सगळ्यावर टिकलं पाहिजे. वर्षभरात तुम्ही शर्यतीत जेमतेम १००-२०० किमी चालवाल, सरावात काही हजार.

म्हणून सरावासाठी :

- रिम ॲल्युमिनियमची, उंची २० ते ३० मिमी. खड्ड्यात बसून थोडी वाकली तर कारागीर तारा आवळून सरळ करू शकतो. कार्बन रिमला तडा गेला की गावात इलाज नाही.
- तारा पुढे २४ ते २८, मागे २८ ते ३२. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, म्हणून तर ती दोन पोती धान्य वाहून नेते. तारा जास्त असल्या की एक तुटली तरी चाक घरापर्यंत येतं. १६-१८ तारांच्या चाकाची एक तार तुटली तर रिम लगेच ब्रेकला घासते.
- तारा गोल आणि साध्या असाव्यात, तशा वणीच्या किंवा चंद्रपूरच्या दुकानात जुळवता येतात. चपट्या खास तारा मागवाव्या लागतात आणि तोवर सराव बंद पडतो.
- तुमचं वजन ८० किलोच्या वर असेल तर मागच्या चाकाला ३२ तारांपेक्षा कमी घेऊच नका.

टायर : सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा

पूर्वी शर्यतीचा टायर म्हणजे २३ मिमीचा, दगडासारखा कडक, असं समजायचे. आता तज्ज्ञांचं मत बदललं आहे. खडबडीत रस्त्यावर बारीक कडक टायर उड्या मारतो आणि तुमची ताकद त्या उड्यांत जाते. २८ किंवा ३२ चा टायर खड्डा पोटात घेतो. घेण्याआधी टायर आणि फ्रेम यांच्यात निदान ४-५ मिमी मोकळी जागा राहते का ते बघा. पावसाळ्यात आपली काळी माती त्या जागेत अशी भरते की चाक फिरत नाही.

हवा किती भरायची? ६०-६५ किलो वजनाच्या माणसासाठी अंदाज असा :

- २५ मिमी टायर : ८० पीएसआयच्या आसपास
- २८ मिमी टायर : ६५ ते ७०
- ३२ मिमी टायर : ५० ते ५५

वजन ८० किलो असेल तर यात साधारण १० वाढवा. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा ३-४ जास्त ठेवा. टायरवर आणि रिमवर लिहिलेली मर्यादा कधीही ओलांडू नका. नवीन काही रिमना आतून टायर धरणारी कड नसते, त्यांना हुकलेस म्हणतात. त्यावर ७२ पीएसआयपेक्षा जास्त हवा चालत नाही आणि हुकलेससाठी चालणारा ट्यूबलेस टायरच लागतो. साधा टायर टाकला तर तो चालता चालता निसटू शकतो.

उन्हाळ्याचं विसरू नका. सकाळी २५ अंशाला ८० पीएसआय भरून सायकल भर उन्हात ठेवली आणि टायर ५५ अंशापर्यंत तापला, तर आतला दाब ९० च्या जवळ जातो. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात सायकल सावलीत ठेवणं ही सवयच लावून घ्या.

काट्यांवर तीन उपाय आहेत. एक, आतून पंक्चररोधक पट्टा असलेला सरावाचा टायर. तो जड असतो, पण सरावात वजनाचं काही बिघडत नाही. दोन, टायर-ट्यूबच्या मध्ये टाकायचा लायनर. तीन, ट्यूबलेस टायर आणि त्यात सीलंटचं पाणी, बारीक भोक ते आपोआप बुजवतं. मात्र आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळतं. दर दोन महिन्यांनी बघून भरावं लागतं.

व्हॉल्व्हही लक्षात ठेवा. रोड सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपाची किंवा पंक्चरवाल्याची नळी त्याला थेट बसत नाही. छोटा पितळी ॲडॅप्टर खिशात ठेवा. खोल रिम घेतली तर व्हॉल्व्हही लांब लागतो, साध्या ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येतच नाही.

खोल रिम खरंच वेग देते का?

देते. पण किती, ते समजून घ्या.

सायकलस्वार सपाट रस्त्यावर मुख्यतः हवेशी झगडतो. बहुतेक ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला बंदी असते, आयर्नमॅनमध्ये सर्वसाधारण स्पर्धकांना १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं. त्यामुळे सगळा वारा एकट्याने खावा लागतो. खोल रिम हवा कापते, हे खरं.

आता हिशेब. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट, तर ताकद आठपट. समजा एखादी खोल चाकं ताशी ४० किमीला २० वॅट वाचवतात. तीच चाकं ताशी २५ किमीला जेमतेम ५ वॅट वाचवतात. जाहिरातीतला आकडा मोठ्या खेळाडूच्या वेगाचा असतो, आपल्या वेगाचा नाही.

५ वॅटने ९० किमीमध्ये चारेक मिनिटं वाचतील. वाईट नाही. पण स्वस्त कडक टायर काढून चांगला मऊ, वेगवान टायर टाकला तर त्याच वेगाला १० ते १५ वॅट वाचू शकतात, म्हणजे आठ ते बारा मिनिटं. खर्च काही हजार. आणि हँडलचा खालचा भाग धरून, कोपर वाकवून, डोकं खाली ठेवून चालवायची सवय केली तर तेवढ्यानेही खोल चाकांइतका फायदा मिळू शकतो. त्याला रुपया लागत नाही, कारण हवा सगळ्यात जास्त अडते ती आपल्या अंगाला, चाकाला नाही.

'चाक हलकं पाहिजे' हेही खूप ऐकू येतं. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो. चाकात अर्धा किलो कमी केला तर एकूण वजनात अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. सपाट रस्त्यावर तो जाणवणारही नाही.

वारा आणि टिप्पर : इथे जिवाचा प्रश्न आहे

खोल रिमवर बाजूचा वारा शिडासारखा आदळतो. मागच्या चाकापेक्षा पुढच्या चाकावर धोका जास्त, कारण हँडलच वळतं. भरधाव टिप्पर शेजारून गेला की आधी तो हवा ढकलतो आणि लगेच ओढतो. ५०-५५ किलोच्या पोराची ५०-६० मिमी खोल पुढच्या चाकाची सायकल त्या झटक्यात हातभर सरकू शकते. त्यात कडेला गिट्टी असेल तर पुढे काय होतं, ते सांगायला नको.

म्हणून कोळसा वाहतुकीच्या रस्त्यावर खोल पुढचं चाक लावून सराव करू नका. शर्यतीत घ्यायचंच असेल तर पुढे ३५-४० मिमीच्या वर जाऊ नका, मागे थोडं जास्त चालेल. जोराच्या वाऱ्याचा धोका म्हणूनच हवाईतल्या कोना इथल्या जागतिक आयर्नमॅन स्पर्धेत मागचं पूर्ण बंद डिस्क चाकसुद्धा चालत नाही. इतर शर्यतींत मागे डिस्क चाक चालतं, पुढे नाही. प्रत्येक शर्यतीचा नियम नाव नोंदवतानाच वाचा.

कार्बन रिमवर रिम ब्रेक असेल तर आणखी एक. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर रिम तापून खराब होऊ शकते. त्यासाठी कार्बनचेच खास ब्रेक रबर लागतात. ॲल्युमिनियमवर वापरलेले रबर कार्बनला लावू नका, त्यात रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात.

पैसे किती आणि कुठे?

बाजारात दुकानागणिक फरक पडतो, तरी अंदाज असा. चांगल्या टायरची जोडी तीन ते दहा हजार. चांगली ॲल्युमिनियम चाकांची जोडी आठ ते वीस हजार. कार्बनची जोडी चाळीस हजारांपासून पुढे लाखाच्या वर. कापसाच्या एका हंगामातून हातात किती उरतं, ते घरात सगळ्यांना माहीत असतं. पहिल्याच वर्षी त्यातले चाळीस-पन्नास हजार चाकांवर लावायची गरज नाही.

क्रम असा ठेवा :

१. चांगले टायर, दोन जास्तीच्या ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान
२. आहे त्या चाकांचं बेअरिंग ग्रीसिंग आणि आऊट काढणं
३. चांगलं हेल्मेट आणि सीटची उंची नीट बसवून घेणं
४. दोन-तीन शर्यती पूर्ण झाल्यावर चांगली ॲल्युमिनियम चाकं
५. ताशी ३२-३५ किमी सलग चालवता यायला लागलं, तर खोल रिमचा विचार. तीही एका शर्यतीपुरती ओळखीतून किंवा भाड्याने मिळते का बघा.

जुनी चाकं घेताना

- चाक उचलून फिरवा आणि ब्रेक रबरापासूनचं अंतर बघा. रिम डावी-उजवीकडे किंवा वर-खाली हलली तर ती आऊट आहे.
- दोन-दोन तारा चिमटीत दाबा. एखादी सैल लागली तर का, ते विचारा.
- रिम धरून आडवी हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलं किंवा कोन सैल आहे.
- तार जिथे रिममध्ये जाते तिथे बारीक तडा आहे का, उजेडात बघा.
- रिम ब्रेकची रिम घासून खोलगट झाली असेल तर घेऊ नका. अशी रिम हवेच्या दाबाने फुटू शकते.
- कार्बनवर नखाने टकटक करत पूर्ण गोल फिरा. एखाद्या जागी आवाज बसका आला तर सोडून द्या.
- मोठ्या कंपनीचं नाव आणि निम्मी किंमत असेल तर बिल मागा. बिल नसेल तर नाव खोटं असण्याची शक्यता धरूनच बोला.

निगा : धूळ, चुना आणि काळी माती

कोळशाची आणि दगडाची धूळ ब्रेक रबराला चिकटली की रिमवर पॉलिश पेपरसारखी घासते. रोज आल्यावर ओल्या फडक्याने रिम आणि रबर पुसा. चुनाभट्ट्यांच्या बाजूने जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण चुन्याची धूळ ओली झाली की ॲल्युमिनियमला खाते. पाऊस पडून गेल्यावर त्या रस्त्याने आलात तर चाकं त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नका, ग्रीस निघून जातं.

शर्यतीच्या आधीचा आठवडा

- शर्यतीचे टायर आठ दिवस आधी टाका आणि त्यावर निदान ४०-५० किमी चालवा. नवीन वस्तू शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा वापरायची नाही.
- चाक बदललं असेल तर गिअर आणि ब्रेक पुन्हा जुळवून घ्या.
- रेल्वेने किंवा बसने सायकल नेताना चाकं काढून वेगळी बांधा आणि टायरची थोडी हवा कमी करा.
- शर्यतीच्या पहाटे हवा भरा, क्विक रिलीज घट्ट आहे का बघा.
- पंक्चर काढायचा सराव घरीच करा. सवय असलेला माणूस पाच-सहा मिनिटांत ट्यूब बदलतो. सवय नसेल तर पंधरा मिनिटं जातात. लाखाच्या चाकांनी वाचवलेली चार मिनिटं एका काट्यात गेली म्हणून समजा.

तुमच्या सायकलच्या टायरवरचा आकडा आजच बघून ठेवा आणि मागच्या चाकाच्या तारा मोजा. दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी याच दोन गोष्टी विचारतील.